मदत हवी आहे: डब्ल्यूटी१ जनुकातील दोष नेमका कोणाकडून आला?

त्रस्त_पालक: मुलीच्या जनुकीय तपासणीच्या अहवालातले ‘डब्ल्यूटी१, इंट्रॉन ९’ एवढेच आम्हाला कळले. डॉक्टरांची वेळ तीन आठवड्यांनंतरची आहे. तिला मूत्रपिंडाचा विकार आहे; दोन वर्षे स्टेरॉइड देऊनही लघवीत बुडवलेली पट्टी रोज सकाळी पिवळ्याची हिरवीच होते, म्हणजे लघवीतून प्रथिन जातच आहे. दोष माझ्याकडून आला की तिच्या आईकडून, एवढेच कृपया सांगावे.

गोदाकाठ: वय आणि बायॉप्सीचा निष्कर्ष न लिहिता उत्तर कसे मिळणार?

त्रस्त_पालक: वय १५. बायॉप्सीत एफएसजीएस (मूत्रपिंडाच्या काही गाळण्यांवर वण पडणे) आले.

अनुभवी_काका: माझ्या पुतण्याला स्टेरॉइडचा दुसरा कोर्स लागू पडला. धीर सोडू नये.

नेफ्रॉन: काका, आपल्या पुतण्याचा आजार वेगळा असणार. येथे मूत्रपिंडातील गाळणीच्या पेशींची घडणच जनुकामुळे बिघडलेली असते, त्यामुळे स्टेरॉइडचा सहसा उपयोग होत नाही. उगाच दुसरा कोर्स सुचवू नये.

गोदाकाठ: पाळी सुरू झाली आहे का?

त्रस्त_पालक: नाही. अशक्तपणामुळे असेल असे वाटल्याने लिहिले नाही.

नेफ्रॉन: हेच आधी लिहायला हवे होते! हे जनुक मूत्रपिंड आणि जननग्रंथी या दोहोंच्या घडणीत लागते. त्यापासून प्रथिनाची दोन रूपे बनतात: एकात लायसिन, थ्रिओनिन व सेरिन ही तीन अमिनो आम्ले जादा असतात, दुसऱ्यात नसतात. इंट्रॉन ९, म्हणजे जनुकाचा प्रथिनात न उतरणारा एक भाग, यातील ठरावीक बदलांनी त्यांचे प्रमाण बिघडते आणि फ्रेझियर सिंड्रोम होतो. हे १९९७ मध्ये दाखवले गेले. त्यात बाह्यतः मुलगी असूनही गुणसूत्रे ४६, एक्सवाय (सहसा पुरुषांत असतात तशी) असू शकतात आणि अविकसित जननग्रंथींत गाठीचा धोका असतो, म्हणून कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी) लांबवू नये.

सह्याद्री: पुढे मूत्रपिंड बदलावे लागले, तर आईचेच घ्यावे, ते जुळण्याची शक्यता असते.

गोदाकाठ: ते कोणी विचारले? शिवाय एक्सएक्स गुणसूत्रांच्या स्त्रीत हाच बदल असला, तर तिला पाळी आणि मुले होऊनही मूत्रपिंडाचा विकार असू शकतो. त्यामुळे आईची जनुकीय तपासणी झाल्याशिवाय तो विषयच नको. मूळ प्रश्नाबाबत: हा बदल बहुतेक वेळा नव्यानेच उद्भवलेला असतो, तरी दोघांचे रक्त तपासूनच ते ठरते.

त्रस्त_पालक: आईची लघवी आजवर कधीच तपासलेली नाही. उद्या दोघेही जातो. कॅरिओटाइपसाठी रक्त देताना मुलीने कारण विचारले, तर काय सांगावे?