घरासाठी ड्रायर घेताना हीट पंपालाच पसंती द्यावी का?

निरंतर (धागालेखक)

कपडे वाळवण्याचे यंत्र घ्यायचे ठरले की घरातली चर्चा बहुतेक वेळा ड्रमचा आकार, प्रोग्रॅमची संख्या आणि किंमत यांभोवतीच फिरते. ते यंत्र पुढची दहा-बारा वर्षे किती वीज घेणार, हा प्रश्न शेवटी आणि तोही ओझरता विचारला जातो. माझे मत स्पष्ट आहे: ज्या घरात ड्रायर आठवड्यातून तीन-चार वेळा चालणार आहे, त्या घराने हीट पंपाच्या, म्हणजे वाफेतली उष्णता परत वापरणाऱ्या, ड्रायरखेरीज दुसरा ड्रायर घेऊ नये. हे मत कशावरून बनले ते मांडतो. ज्यांना ते पटणार नाही त्यांनी कारणांसह लिहावे, अशी विनंती आहे.

कोमट झालेल्या एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६७ युनिट उष्णता लागते, आणि यंत्र कोणाचेही असले तरी हा आकडा बदलत नाही. युरोपातील ऊर्जा लेबलसाठी जी चाचणी होते, तीत सुती कपड्यांत त्यांच्या कोरड्या वजनाच्या ६० टक्के पाणी धरलेले असते. म्हणजे आठ किलो कपड्यांत ४.८ लिटर पाणी झाले आणि त्याची नुसती वाफ करायला ३.२ युनिट लागले. हीटरवर चालणारा कंडेन्सर ड्रायर, म्हणजे वाफेचे यंत्रातच पाणी करणारा, प्रत्यक्षात साडेचार ते पाच युनिट घेतो, कारण ड्रम, कपडे आणि हवा तापवण्यातही उष्णता खर्च होते आणि काही बाहेर निसटते. हीट पंपाचा ड्रायर तेच कपडे दीड ते दोन युनिटांत वाळवतो.

वाफ करायला जितकी उष्णता लागते तिच्याहूनही कमी वीज कशी पुरते, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. या यंत्रात हवा बंद मार्गाने फिरत राहते. कपड्यांतून आलेली दमट हवा थंड कॉइलवरून जाते, तिथे वाफेचे पुन्हा पाणी होते आणि वाफेने घेतलेली उष्णता बाहेर पडते. ती उष्णता कॉइलमधला शीतक वायू उचलतो, कंप्रेसर त्याचे तापमान वाढवतो आणि पुढच्या गरम कॉइलवर तीच उष्णता त्याच हवेला परत दिली जाते. विजेला उष्णता निर्माण करावी लागत नाही, ती फक्त हलवावी लागते. हीटरच्या ड्रायरमध्ये कितीही सुधारणा केली तरी त्याला ३.२ युनिटांच्या खाली जाता येणार नाही, आणि माझ्या दृष्टीने वाद इथेच संपायला हवा.

व्हेंटेड ड्रायर, म्हणजे दमट हवा नळीतून घराबाहेर टाकणारा, याबाबत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. तो जितकी हवा बाहेर टाकतो तितकीच हवा दारा-खिडक्यांच्या फटींतून घरात येते. घर हीटरने उबदार किंवा एसीने थंड ठेवलेले असेल, तर आत आलेल्या त्या हवेवर पुन्हा वीज खर्च होते आणि तो खर्च ड्रायरच्या लेबलवर कुठेही दिसत नाही.

स्वित्झर्लंडने २०१२ पासूनच हीटरच्या ड्रायरची विक्री व्यवहारतः बंद केली. युरोपीय संघात १ जुलै २०२५ पासून लागू झालेल्या निकषांत विजेवर चालणारे घरगुती ड्रायर बसवायचे, तर तेही हीट पंपाचेच असावे लागतात. इतर ठिकाणच्या ग्राहकांनी नियमांची वाट का पाहावी?

दुरुस्तीवाला

धागालेखकांचे गणित बरोबर आहे. माझा आक्षेप ते गणित किती वर्षे टिकते यावर आहे. मी घरगुती यंत्रांच्या दुरुस्तीचे काम करतो आणि लेबलवरचा आकडा हा नव्या, स्वच्छ यंत्राचा आकडा असतो हे रोज पाहतो.

हीट पंपाच्या ड्रायरचा खरा शत्रू म्हणजे कपड्यांची लव. दारातल्या फिल्टरमधून निसटलेली बारीक लव थेट थंड कॉइलवर जाते, आणि ती कॉइल ओली असल्यामुळे तिथेच चिकटते. दोन-तीन वर्षे दुर्लक्ष झालेले यंत्र उघडले, तर कॉइलच्या पातळ पत्र्यांवर करड्या नमद्यासारखा सलग थर बसलेला दिसतो. तो बोटांनी उचलला तर अखंड निघून येतो. तेवढ्या थरातून हवा नीट जात नाही, कंप्रेसर जास्त वेळ चालतो आणि अडीच तासांचा फेरा चार तासांवर जातो. ग्राहक सांगतो की यंत्र अलीकडे कपडे ओलेच ठेवते. विजेची बचत त्याच्याही आधी संपलेली असते.

काही मॉडेलमध्ये कॉइल आपोआप साफ होते असे सांगतात. कपड्यांतून निघालेलेच पाणी पंपाने कॉइलवर मारण्याची ती सोय आहे. ती असल्यामुळे अशा अनेक यंत्रांत कॉइलपर्यंत पोहोचायला झाकणच दिलेले नसते, आणि लव साचलीच तर सगळे यंत्र खोलावे लागते. शीतक वायूची गळती ही त्याहून मोठी अडचण आहे. वायू फिरतो तो नळ्यांचा बंद परिपथ उघडून, जोडून, पुन्हा वायू भरण्याचे काम साध्या मेकॅनिकला करता येत नाही, आणि वॉरंटी संपलेली असली तर ग्राहकाला बहुधा नवे यंत्र घेण्याचाच सल्ला मिळतो.

हीटरच्या कंडेन्सर ड्रायरमध्ये बिघडण्यासारखे काय असते? पट्टा, हीटरची कॉइल, थर्मोस्टॅट, बेअरिंग, पाण्याचा पंप. यातले बरेचसे घरी येऊन एका बैठकीत बदलता येते. पंधरा वर्षे चालणारे साधे यंत्र आणि सहाव्या वर्षी भंगारात जाणारे गुंतागुंतीचे यंत्र यांची तुलना करताना दुसरे यंत्र तयार करायला लागलेली ऊर्जा, धातू आणि प्लास्टिक हेही हिशेबात धरायला हवे. यंत्र कुठे ठेवणार हा प्रश्नही कोणी विचारत नाही. थंड गॅरेजमध्ये किंवा उघड्यावर, तापमान पाच-सात अंशांवर आले की हीट पंप रेंगाळतो.

गणिती

वरील दोघेही ड्रायरवरच बोलत आहेत, पण ड्रायरची बरीचशी वीज वॉशिंग मशीनमध्ये ठरते. मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या स्पिननंतर सुती कपड्यांत त्यांच्या वजनाच्या साधारण ७० टक्के पाणी राहते, तर १४०० फेऱ्यांनंतर सुमारे ५० टक्के. आठ किलो कपड्यांमागे हा फरक १.६ लिटरचा आहे. हीटरच्या ड्रायरला एका लिटरमागे जवळजवळ एक युनिट लागते, म्हणजे फक्त स्पिनचे बटण बदलल्याने दर फेऱ्याला दीड युनिट वाचते. हीट पंपावरही अर्ध्या युनिटाहून थोडे अधिक वाचते. तेच पाणी फिरवून काढायला मोटरला लागणारी वीज यापुढे किरकोळ आहे.

दुसरा मुद्दा ओलावा ओळखणाऱ्या सेन्सरचा. ड्रमच्या तोंडाशी आतल्या बाजूला धातूच्या दोन अरुंद पट्ट्या असतात. ओले कापड दोन्हींना टेकले की त्यातून सूक्ष्म प्रवाह जातो, आणि कापड वाळत जाते तसा तो घटतो. त्यावरून यंत्र थांबायचे केव्हा ते ठरवते. फॅब्रिक सॉफ्टनरचा पातळ थर या पट्ट्यांवर बसला की वाचन चुकते आणि यंत्र एकतर लवकर थांबते किंवा वाळलेले कपडे उगाच फिरवत राहते. ओल्या फडक्याने, थोडे व्हिनेगर लावून, त्या अधूनमधून पुसाव्यात. फक्त टायमरवर चालणारा ड्रायर मात्र कोणत्याही प्रकारातला असला तरी घेऊ नये, या मतावर मी ठाम आहे.

धुणे आणि वाळवणे एकाच ड्रममध्ये करणाऱ्या यंत्रांविषयी थोडक्यात: त्यांत धुता येतात त्याच्या जेमतेम निम्मे ते दोन तृतीयांश कपडे एका वेळी वाळतात, आणि हीटरच्या अनेक मॉडेलमध्ये वाफ थंड करायला नळाचे स्वच्छ पाणी वाहून जाते. जागेची फारच टंचाई असेल तरच तो पर्याय.

सूती

मला या चर्चेचे गृहीतकच मान्य नाही. ड्रायरच्या फिल्टरमधून दर वेळी मूठभर लव निघते, ती लव म्हणजे आपल्याच कपड्यांचे झिजलेले धागे आहेत. सगळ्यांत कमी वीज घेणारा ड्रायर कोणता, या प्रश्नाआधी किती कपड्यांना खरोखर ड्रायर लागतो हे पाहावे. टॉवेल, चादरी आणि लहान मुलांचे कपडे एवढेच यंत्रात आणि बाकीचे स्टँडवर, अशी विभागणी केली तर अनेक घरांत आठवड्याला एकच फेरा पुरेल. वर्षाला पन्नास फेरे आणि फेऱ्यामागे तीन युनिट बचत धरली तरी वर्षाला १५० युनिटच वाचतात. तेवढ्यासाठी महागडे आणि दुरुस्तीला अवघड यंत्र घ्यावे का, याचे उत्तर मला तरी होकारार्थी देता येत नाही.

घरात वाळत घालण्यालाही मर्यादा आहेत, हे मी नाकारत नाही. एका धुण्यातले चार-पाच लिटर पाणी खोलीच्या हवेतच जाते, आणि खिडकी बंद असेल तर ते भिंतीच्या थंड कोपऱ्यावर साचून बुरशी धरते. दम्याचा त्रास असलेल्या माणसाच्या घरात हा धोका मुळीच पत्करू नये. परंतु लहान खोलीचे दार लावून स्टँडशेजारी डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा काढून घेणारे यंत्र, ठेवला, तर चांगले कंप्रेसरचे यंत्र उबदार, दमट हवेत एका युनिटमध्ये दीड ते दोन लिटर पाणी ओढून घेते. हीट पंपाचा ड्रायर एका युनिटमध्ये सुमारे अडीच ते तीन लिटर काढतो. फरक आहे, पण डीह्युमिडिफायर लहान आहे, कपडे घासले जात नाहीत आणि तेच यंत्र पावसाळी हवेत कपाटांच्या खोलीतही चालवता येते.

निरंतर (धागालेखक)

सूती यांच्याशी माझे भांडण नाही, कारण आठवड्याला एका फेऱ्याचे घर मी सुरुवातीलाच वेगळे ठेवले होते. मात्र ज्या घरात तान्हे मूल आहे, अंथरुणाला खिळलेले वडीलधारे माणूस आहे किंवा कपडे पसरायला जागाच नाही, तिथे आठवड्याला चार फेरे सहज होतात. वर्षाला दोनशे फेरे आणि फेऱ्यामागे तीन युनिट, म्हणजे ६०० युनिट. दहा वर्षांत ६,०००. या आकड्यापुढे सुरुवातीच्या किमतीतला फरक बहुतेक ठिकाणी भरून निघेल. त्या घरातल्या माणसांना कमी धुवा किंवा स्टँडवर वाळवा असे सांगणे मला योग्य वाटत नाही, कारण त्यांच्यासाठी ड्रायर ही चैन नसून रोजची गरज आहे.

दुरुस्तीवाला यांचे आक्षेप मी अधिक गांभीर्याने घेतो. लव साचते हे खरे, पण तो यंत्राच्या रचनेचा आणि सवयीचा प्रश्न आहे, तत्त्वाचा नव्हे. दारातला फिल्टर दर फेऱ्यानंतर आणि खालचा फिल्टर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे साफ केला, तर कॉइलवर पोहोचणारी लव पुष्कळ कमी होते. शिवाय लव साचू देणे हीटरच्या ड्रायरमध्ये अधिक धोक्याचे आहे. तिथे हवा जास्त तापते आणि साचलेली लव पेट घेऊ शकते. सुट्या भागांबाबत युरोपीय संघाच्या नव्या नियमांनी उत्पादकांवर दहा वर्षे भाग पुरवण्याचे बंधन घातले आहे, आणि अशा बंधनाची मागणी सर्वत्र व्हायला हवी. वायूचेही चित्र बदलले आहे. पूर्वीचा आर-१३४ए हा कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत १,४३० पट तापमानवाढ करणारा होता, तर आता बऱ्याच मॉडेलमध्ये आर-२९०, म्हणजे प्रोपेन, थोड्या प्रमाणात भरलेला असतो आणि त्याचा हवामानावरचा परिणाम नगण्य आहे. तो ज्वलनशील असल्यामुळे दुरुस्ती प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्यावी, हे ओघाने आलेच.

एक लाभ अद्याप कोणी मांडलेला नाही. हीटरचा ड्रायर चालू असताना दोन ते अडीच किलोवॅट ओढतो. हीट पंपाचा साधारणपणे एक किलोवॅटच्या आत राहतो. जुन्या वायरिंगच्या घरात किंवा छतावरच्या सौर पॅनलवर यंत्र चालवायचे असेल तर हा फरक निर्णायक ठरतो. फेरा अर्धा-पाऊण तास जास्त चालतो हे मान्य. पण हवा कमी तापत असल्याने कपड्यांना उष्णतेची झळही कमी बसते.

दुरुस्तीवाला

दर फेऱ्यानंतर फिल्टर साफ करणारी घरे मी पाहिली आहेत, पण ती थोडी आहेत, आणि यंत्राची निवड सरासरी माणसाच्या सवयीवर करावी असे मला अजूनही वाटते. तरीही ज्यांना हीट पंपच घ्यायचा आहे त्यांनी दुकानात यंत्राचे खालचे झाकण उघडून पाहावे. फिल्टर काढल्यावर कॉइलचे पत्रे समोर दिसतात का आणि मऊ ब्रश तिथवर पोहोचतो का, हे तपासावे. कंप्रेसर आणि शीतक परिपथाची वॉरंटी वेगळी आणि दीर्घ आहे का, आणि ती कामाच्या मजुरीसह आहे की फक्त भागापुरती, हे लेखी घ्यावे. युरोपीय लेबल पाहत असाल तर जुन्यावर वर्षाचे १६० फेरे धरलेले असतात आणि नव्यावर आकडा १०० फेऱ्यांचा असतो. दोन्ही शेजारी ठेवून तुलना केली तर फसगत होईल. जुन्या लेबलवरचे ए अधिक अधिक अधिक (A+++) आणि नव्यावरचे ए ही एकच श्रेणी समजू नये.

कॉइलपर्यंत हात पोहोचत नसेल आणि परिपथाची वॉरंटी दोनच वर्षांची असेल, तर जिथे हीटरचा कंडेन्सर ड्रायर मिळतो तिथे मी आजही ग्राहकाला तोच, सेन्सर असलेला, सुचवीन, आणि गणिती म्हणतात तसे स्पिन १४०० वर ठेवायला सांगेन.