मेंब्रेन कंप्युटिंग खरंच फास्ट असतं का?

बाइटकर: मंडळी, प्रोजेक्टसाठी मेंब्रेन कंप्युटिंग वाचतोय, म्हणजे जिवंत पेशीवरून सुचलेलं कंप्युटिंगचं मॉडेल, त्यातल्या यंत्रणांना पी सिस्टिम म्हणतात. पडद्यात पडदे, प्रत्येकात ऑब्जेक्ट आणि नियम, इथवर कळलं. पण जिथे बघावं तिथे लिहिलंय की सॅट प्रॉब्लेम (लॉजिकचं सूत्र ट्रू होईल अशा ट्रू-फॉल्स किमती व्हेरिएबलना देता येतात का ते शोधणं) यात लिनियर टाइममध्ये, म्हणजे प्रॉब्लेमच्या आकाराच्या प्रमाणातच वाढणाऱ्या वेळात सुटतो, म्हणून हौसेनं पायथॉनमध्ये सिम्युलेटर लिहिला तर २० व्हेरिएबललाच लॅपटॉपची वाट लागली. मग फास्ट कुठून??

निशाचर: कागदावर फास्ट रे. त्या मॉडेलमध्ये एका स्टेपला जेवढे नियम लागू शकतात तेवढे सगळे एकदम लागतात, ज्याला नियम लागतो असं एकही ऑब्जेक्ट रिकामं बसत नाही. आणि सॅटसाठी पडदा दुभंगायचा नियम वापरतात, पेशी विभागते तसा, एकात व्हेरिएबल ट्रू, दुसऱ्यात फॉल्स. २० वेळा डबल केलं की झाले १०,४८,५७६ पडदे. मॉडेल स्टेप मोजतं, पडदे फुकट! तुझा बिचारा सीपीयू मात्र ते एकेक करून ओढतोय.

पेशीपुराण: +१. पडदे दुभंगूच दिले नाहीत तर डिटरमिनिस्टिक (पुढची स्टेप ठरलेलीच असते अशा) पी सिस्टिमची नक्कल साधं ट्युरिंग मशीनही (नेहमीच्या कंप्युटरचं कागदी मॉडेल) पॉलिनॉमियल टाइममध्ये, म्हणजे वेळ बेसुमार न फुगता करतं, हे सिद्ध झालेलं आहे, म्हणजे सगळी करामत त्या दुभंगण्यातच. डीएनए कंप्युटिंगचीही हीच बोंब, एडलमन नावाच्या संशोधकानं १९९४ साली टेस्टट्यूबमध्ये हॅमिल्टोनियन पाथ (ग्राफच्या प्रत्येक नोडमधून एकदाच जाणारा रस्ता) काढला खरा पण ग्राफ ७ नोडचा, नोड वाढले की डीएनए बेसुमार लागणार.

बाइटकर: म्हणजे नुसती थिअरी? गाइड विचारणार उपयोग काय म्हणून.

निशाचर: १९९८ मध्ये गेओर्गे पाउननं मांडलं तेव्हा थिअरीच होती बऱ्यापैकी. पण मॉडेलिंगला भारी आहे, स्पेनमध्ये पिरेनीज डोंगरातल्या दाढीवाल्या गिधाडांची संख्या पुढे कशी बदलेल याचं मॉडेल याच पद्धतीनं केलंय, प्राणी म्हणजे ऑब्जेक्ट, जन्म, मरण, खाणं हे नियम, प्रत्येकाला प्रोबॅबिलिटी. जिथे पक्षी मोजकेच असतात तिथे सरासरीवर चालणारी समीकरणं फसवतात, हे नाही फसवत (माझं मत, भांडायला तयार आहे).

पेशीपुराण: सॅट सोड आणि असलंच काहीतरी घे. आणि कोड लिहिताना प्रत्येक ऑब्जेक्ट वेगळं ठेवू नको, कुठल्या पडद्यात कुठल्या प्रकारचे किती एवढा आकडा ठेव, मल्टिसेटच (कुठली वस्तू किती वेळा आहे एवढंच सांगणारा संच) आहे शेवटी. सॅटला या युक्तीचा फायदा नाही कारण तिथे प्रत्येक पडदा वेगळा, गिधाडांना आहे.