मदत हवी आहे : आईच्या हाताची सूज

आईचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हा काखेतल्या लिम्फ नोड्स म्हणजे लिम्फच्या वाटेवरच्या छोट्या गाठीही काढल्या. आता वर्षभराने तोच हात सुजतोय. पाटली चढत नाही, बोटाने दाबलं की खळगा राहतो. मला वाटलं, रक्ताभिसरणाचा दोष. डॉक्टर म्हणाले, लिम्फ साचतंय, म्हणजे शरीरात झिरपून परत रक्ताकडे जाणारं पाणी. रक्त ढकलायला हृदय आहे. लिम्फला तसा पंप नाही. स्नायू हलले की ते झडपांमधून एकाच दिशेने सरकतं आणि कॉलरबोनजवळ शिरेत मिळतं. वाटेतल्या गाठीच गेल्या, मग तुंबणारच!

कम्प्रेशन स्लीव्ह (सूज दाबून ठेवणारी घट्ट बाही) दिलीय. पोळ्या लाटताना तुमच्याकडे ती घालतात का? घामाने कातडी लाल होते, त्यावर काय करता? (शेजारच्या काकूंचं जोरात तेल चोळणं मी बंद केलंय.) अनुभव असेल तर सांगा प्लीज.