मदत हवी आहे: आरटीईतून शिकणाऱ्या भाचीला वर्गात वेगळं काढतात, तक्रार कशी करावी?

नमस्कार. माझी भाची नाशिकमधल्या एका खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत दुसरीत आहे. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने दुर्बल आणि वंचित गटातल्या मुलांसाठी राखीव ठेवलेल्या २५ टक्के जागांमधून लॉटरीत तिचा नंबर लागला तेव्हा ताईने अख्ख्या चाळीत पेढे वाटले होते. दाजी रिक्षा चालवतात.

परवा कळलं की गॅदरिंगच्या नाचात वर्गातली सगळी मुलं आहेत, फक्त आरटीईची चार मुलं नाहीत. ताईने बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "ड्रेसचा खर्च तुम्हाला झेपणार नाही, म्हणून आम्ही तुम्हाला विचारलंच नाही." खर्च किती, ते तरी सांगायचं! दाजींनी कुठूनही आणले असते.

त्याहून वाईट म्हणजे, या चौघांच्या वह्यांवर नावापुढे बाई लाल पेनने 'आर' लिहितात. रविवारी मी भाचीला नवीन वही आणून दिली. तिने कव्हर घातलं, नाव लिहिलं आणि कंपासमधून लाल पेन काढून पुढे स्वतःच 'आर' काढला. का गं, विचारलं तर म्हणाली, "बाई लिहितातच ना मावशी." मला पुढे बोलवेना.

मी २००९ चा शिक्षण हक्क कायदा वाचला. दुर्बल आणि वंचित गटातल्या मुलांशी भेदभाव होऊ नये, ही जबाबदारी कलम ८ मध्ये सरकारवर टाकली आहे. कलम ३२ प्रमाणे कोणीही स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करू शकतं, निकाल तीन महिन्यांत द्यायचा, आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील करता येतं. पण कागदावरचं वेगळं, म्हणून अनुभवी लोकांना विचारते.

'कोणीही' म्हणजे मावशी म्हणून माझ्या नावाने अर्ज दिला तर महापालिकेचा शिक्षण विभाग घेतो का? ताई फार घाबरली आहे. आठवीपर्यंत तिथेच काढायचंय, पोरीवर राग काढतील म्हणते. मुलीचं नाव शाळेला न कळवता चौकशी होऊ शकते का? वह्यांचे फोटो काढून ठेवलेत, तेवढा पुरावा पुरेल का? की आधी मुख्याध्यापकांना लेखी देऊन पोच घ्यावी?

कोणी यातून गेलं असेल तर प्लीज लवकर सांगा. गॅदरिंगला तीनच आठवडे उरलेत, आणि ती घरी आरशासमोर तोच नाच करत असते.