इंदूर: लोकोत्सवाच्या मांडणीत संजाची भिंत तडकतेय

प्रश्न: लालबागेतल्या लोकोत्सवासाठी माळवी घराची ओसरी उभी करतोय. ८ बाय ४ फुटी प्लायवर शेणमातीचा लेप, त्यावर संजा, म्हणजे पितृपक्षात माळव्यातल्या मुली भिंतीवर शेणा-फुलांनी काढतात त्या आकृत्या. नमुना वाळताच तडकला, कडेचे पापुद्रे सुटले. काय चुकतंय?

उत्तर: अहो, गुळगुळीत प्लायवर लेप धरणारच नाही, आणि ओल पिऊन प्लाय वाकतो. आधी दोन्ही बाजूंना प्रायमर मारा, मग गोणपाट ताणून दर ४ इंचांवर स्टेपल करा. लेपात माती २ भाग, ताजं शेण १ भाग, रात्रभर भिजवलेला गव्हाचा बारीक भुसा १ भाग. माती फार चिकण असेल तर वाळताना आकसते, म्हणून चाळलेली वाळू घाला. थर ३ मिलिमीटरचाच, सावलीत वाळवा. पहिल्या थराला भेगा पडल्या तरी चालतील, दुसरा त्यात भरतो.

उत्तर: आकृत्या मात्र निव्वळ शेणाच्या, बोटांनी वळलेल्या. फुलं शेण ओलं असतानाच दाबायची. गुलबास संध्याकाळी उमलते, तेव्हाच तोडा. हॅलोजनच्या धगीने फुलंही जातात आणि लेपही, एलईडीच लावा. आणि कळकळीची विनंती, सगळ्या भिंतींवर किलाकोट (किल्ल्यासारखी मोठी आकृती) नको! पितृपक्षात संजा रोज बदलते, किलाकोट शेवटी येतो. आधीच्या तिथींच्या आकृत्या छोट्या फळ्यांवर क्रमाने लावा.

उत्तर: बोर्ड दोघांनी उभाच न्यायचा. आडवा धरला की मधे झोल पडतो आणि लेप सुटतो.