शब्दचर्चा: शिसव, शिसम, देवदार आणि गिटारचं लाकूड

प्रश्न

माझ्या मामांची हातबनावटीची अकूस्टिक गिटार आता माझ्याकडे आली आहे. ती घडवणारे कारागीर हयात नाहीत. आतल्या चिठ्ठीवर त्यांनी पेन्सिलीने तीनच गोष्टी लिहिल्यात: टॉप सीडर, साइड-बॅक रोझवूड, नेक सीडर. घरच्यांसाठी माहिती लिहून ठेवताना मी लिहिलं, 'वरची फळी आणि मान देवदाराची, पाठ आणि कडा शिसवी.' लिहिलं खरं, पण मनाला पटेना. वरची फळी इतकी मऊ आहे की नख लागलं तरी वण उठतो. मानेचं लाकूड मात्र लालसर, बारीक भोकांचं आणि चांगलंच घट्ट. दोन्ही देवदार कसे असतील? शिसवी आणि शिसम एकच का? आणि लाकडाच्या 'ग्रेन'ला आपण काय म्हणतो?

प्रतिसाद

काळ्या चकचकीत लाकडाला सरसकट शिसवीच म्हणतात, तेव्हा रोझवूडला शिसवी लिहायला हरकत नसावी. शिसपेन्सिलीतल्या शिशावरूनच तो शब्द आला असेल, रंग तसाच असतो.

प्रतिसाद

शिशाशी काही संबंध नाही. धातूचं शिसं हे संस्कृत 'सीस'वरून आलं. झाडाचं नाव 'शिंशपा'वरून. प्राकृतात त्याचं 'सीसवा' झालं आणि मराठीत 'शिसव'. दोन स्वरांमधल्या 'प'चा 'व' होणं आपल्याकडे नेहमीचंच, 'दीप'चा 'दिवा' झाला तसंच. उत्तरेकडच्या भाषांत त्याच शब्दाचं 'शीशम' झालं आणि तिथून आपल्याकडे 'शिसम' आलं. म्हणजे शब्द सख्खे भाऊ आहेत, झाडं मात्र दोन. शिसव म्हणजे डालबर्गिया लॅटिफोलिया: गाभा जांभळट तपकिरी, त्यात काळ्या रेघा. शिसम म्हणजे डालबर्गिया सिसू: गाभा सोनेरी तपकिरी, सहसा फिका. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत, असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे दोन झाडांना दोन शब्द आहेत, ते उगाच एकात कालवायचे कशाला?

आणखी एक. झाड 'शिसव', त्याचं ते 'शिसवी'. सागवानापासून सागवानी, तसंच. पुढे विशेषणाचं नाम झालं आणि मग त्याचा नुसता रंग उरला. 'शिसवासारखा काळा' म्हणताना कोणी लाकूड तपासत नाही. वरच्या प्रतिसादातली 'शिसवी' ही रंगाची आहे. बोलण्यात ती चालेल, पण वाद्याच्या माहितीत तिच्यामुळे घोटाळा होईल, कारण पॉलिशमध्ये गडद रंग मिसळला की कोणतंही लाकूड तसं दिसतं.

मी तंतुवाद्यांची दुरुस्ती करतो. एका गिटारच्या फ्रेटबोर्डाची (मानेवरच्या, बोटं दाबायच्या पट्टीची) नोंद मी रंगावरून 'एबनी' अशी करून बसलो होतो. एबनी म्हणजे आपलं आबनूस, टेंभुर्णीच्या कुळातलं काळंभोर लाकूड. पुढे त्याच गिटारचे फ्रेट, म्हणजे त्या पट्टीवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या, बदलायला काढले, खाचा साफ केल्या, तर आतून स्वच्छ तपकिरी लाकूड निघालं. काळा होता तो फक्त वरचा रंग. नोंद खोडून नवी लिहावी लागली. तेव्हापासून झाडाचं नाव लिहिण्याआधी लाकडाची अशी जागा शोधतो जिथे पॉलिश पोचलेलं नाही.

प्रतिसाद

देवदाराबद्दल मी लिहिते, मी वनस्पतिशास्त्र शिकवते.

'सीडर' या एका इंग्रजी शब्दाखाली एकमेकांशी नातं नसलेली झाडं दडली आहेत. खऱ्या अर्थाने सीडर म्हणावा तो सिड्रस या प्रजातीतला वृक्ष, आणि आपला देवदार त्यातलाच. त्याचं शास्त्रीय नाव सिड्रस देओदारा आपल्याच शब्दावरून पडलं. 'देवदारु' म्हणजे देवांचं लाकूड. यातला 'दारु' म्हणजे लाकूड, दारुहळदीतला. प्यायची दारू फारसीतून आलेली, ती वेगळी.

गिटारच्या वरच्या फळीला वापरतात तो बहुतेक वेळा वेस्टर्न रेड सीडर, म्हणजे थुजा प्लिकाटा. तो सूचिपर्णी (सुईसारख्या किंवा खवल्यांसारख्या पानांचा) आहे, पण सिड्रस नव्हे. शोभेसाठी लावतात ते मोरपंखीचं झाड याच्या जवळच्या नात्यातलं. मानेला वापरतात तो बहुधा स्पॅनिश सीडर, सेड्रेला ओडोराटा. हा मुळात मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, म्हणजे स्पॅनिशही नाही आणि सीडरही नाही. त्याचं कूळ कडुनिंबाचं आणि महोगनीचं. आपल्या तुणीला पूर्वी सेड्रेला टूना म्हणत, इतकी ती त्याच्या जवळची. नाव पडलं ते वासावरून.

तेव्हा तुमच्या नखाने आणि डोळ्यांनी बरोबर ओळखलं. सूचिपर्णी झाडांच्या लाकडात वाहिन्या, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या रुंद नळ्या, नसतात, म्हणून भोकं दिसत नाहीत. सेड्रेलात त्या असतात आणि नुसत्या डोळ्यांना दिसतात. चिठ्ठीवर शब्द एक असला तरी हातात दोन लाकडं आहेत. 'देवदार' मात्र दोन्ही ठिकाणी चूक. मराठीत तर त्याचा आणखी गोंधळ होतो, कारण 'देवदारी खोकं' म्हटलं की वाचणाऱ्याला माल भरायच्या हलक्या पेट्यांची फळकुटं आठवतात.

मूळ प्रश्नकर्ती

वाचून बरं वाटलं. आता दोन शंका. वरची फळी स्प्रूस (गिटारच्या वरच्या फळीला वापरतात ते दुसरं सूचिपर्णी लाकूड) नसून सीडरच आहे हे कसं कळावं? रंग मधासारखा आहे. आणि पाठीचं रोझवूड म्हणजे शिसवच, असं लिहू का?

प्रतिसाद

(दुरुस्तीवाला) मधाळ रंगावर जाऊ नका. स्प्रूस नवा असताना फिका, जवळजवळ पांढरा असतो, पण वर्षानुवर्षं उजेड लागून तोही मधाळ होतो. आरसा आणि छोटा दिवा घेऊन आवाजाच्या भोकातून फळीची आतली बाजू बघा. तिथे पॉलिश नसतं. सीडर आतूनही तपकिरी, थोडा चॉकलेटी दिसेल. जुना स्प्रूस आत, अंधारात राहिल्यामुळे, बाहेरपेक्षा फिका असेल. मग भोकाची कड बघा. वरच्या रेघा कडेत सरळ खाली उतरताना दिसल्या तर फळी अखंड आहे. आडवे थर दिसले तर ते प्लाय.

स्प्रूसला मराठी शब्द नाही, आणि ओढूनताणून 'चीड' लिहू नये. चीड म्हणजे पाइन. स्प्रूस हा शब्द इंग्रजीत प्रशियाच्या नावावरून आला. तिकडेही तो मुळात झाडाचा शब्द नव्हता, मग आपण तो तसाच घेतला तर बिघडलं कुठे?

'ग्रेन'बद्दल. इंग्रजी या एका शब्दात तीन गोष्टी कोंबतं, आणि मराठीत त्या तिन्हींना वेगळे शब्द आहेत. तंतू ज्या दिशेने धावतात तो 'रेषा'. रेषा उलटा लागला की रंधा लाकूड ओरबाडतो, हे सुताराच्या हाताला कळतं. भोकं बारीक की मोठी, हात फिरवला तर गुळगुळीत की खरखरीत, तो 'पोत'. पृष्ठभागावर दिसणारे पट्टे, लाटा, ज्वाळा ही 'नक्षी'. महोगनीत रेषा थराथराने उलटसुलट फिरतो, म्हणून रुंद पट्टे चमकतात आणि गिटार तिरकी केली की उजळ पट्टा काळवंडतो, काळा उजळतो. हे 'ग्रेन' शब्दात सांगताच येत नाही. 'रेषा उलटसुलट, म्हणून नक्षी पट्ट्यांची' असं लिहिलं की कारणही समजतं.

प्रतिसाद

(शिक्षिका) पाठीबद्दल. रोझवूड हे एका झाडाचं नाव नाही, डालबर्गियाच्या अनेक जातींचं व्यापारी नाव आहे. ताज्या कापलेल्या लाकडाला गुलाबासारखा वास येतो म्हणून ते पडलं, गुलाबाच्या झाडाशी नातं नाही. ब्राझीलचं रोझवूड म्हणजे डालबर्गिया नायग्रा, पोर्तुगीजमध्ये जाकारांदा. जांभळ्या फुलांचा नीलमोहर, ज्याला जॅकरांडा म्हणतात, तो पुन्हा निराळाच.

हा फरक कागदोपत्रीही महत्त्वाचा आहे. धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स करारात डालबर्गिया नायग्रा 1992 पासून पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात आहे. 2017 साली डालबर्गियाच्या सगळ्या जाती नियमांखाली आल्या. 2019 मध्ये दुसऱ्या परिशिष्टातल्या जातींच्या तयार वाद्यांना सूट मिळाली, नायग्राला नाही. नुसतं 'रोझवूड' लिहिलेली गिटार परदेशी नेताना नेमकी हीच अडचण येऊ शकते.

दहापट मोठं दाखवणारं भिंग असेल तर पाठीच्या आतल्या बाजूवर फिरवा. डालबर्गियात किरणांच्या (खोडाच्या मध्याकडून सालीकडे जाणाऱ्या बारीक पट्ट्यांच्या) पेशी एकावर एक मजल्यांसारख्या रचलेल्या असतात, त्यामुळे फळी कशी कापली आहे त्यानुसार रेषाला आडव्या, अगदी बारीक समांतर लाटा दिसू शकतात. त्या दिसल्या तर डालबर्गियाची शक्यता पुष्कळ वाढते. जात कोणती, हे मात्र भिंगानेही छातीठोक सांगता येणार नाही, फोटोवरून तर नाहीच.

प्रतिसाद

(दुरुस्तीवाला) पाठीचं नाव सापडलं नाही तर हिरमुसू नका. आंतोनियो दे तोरेस या स्पॅनिश कारागिराने 1862 मध्ये एका गिटारची पाठ आणि कडा चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या होत्या. आवाज मुख्यतः वरच्या फळीतून येतो, हे त्याला दाखवायचं होतं. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात जपलेली आहे.

मूळ प्रश्नकर्ती

आरसा घातला. फळी आतूनही तपकिरी, कडेत रेघा सरळ उतरलेल्या. मानेच्या तळाशी, जिथे पॉलिश नाही, तिथे नाक नेलं तर अजून मंद सुगंध येतो. पाठीच्या आतल्या बाजूवर लाटा दिसल्या, पण शेजारच्यांकडून आणलेलं भिंग साधंच होतं, म्हणून ठामपणे म्हणत नाही. आता असं लिहिलं आहे:

'वरची फळी अखंड रेड सीडरची, रेषा सरळ. मान स्पॅनिश सीडरची, पोत जाडसर, अजून वास येतो. पाठ आणि कडा रोझवूडच्या (कारागिराच्या चिठ्ठीनुसार). रंग जांभळट तपकिरी, काळ्या रेघा. शिसव असण्याचा संभव.'

प्रतिसाद

(दुरुस्तीवाला) उत्तम. एवढंच सुचवतो: सतारीचे शब्द हाताशी आहेत, तर 'वरची फळी'ला 'तबली' आणि 'मान'ऐवजी 'दांडी' लिहा. आणि चिठ्ठीवरचा मूळ मजकूर त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच शुद्धलेखनात, खाली उतरवून ठेवा. पेन्सिल पुसट होत जाते.