युक्का: पाणी कमीच देतेय तरी पानं पिवळी, खोड मऊ. काय चुकतंय?

खिडकीतली_बाग

नमस्कार मंडळी, माझ्याकडे दोन खोडांचा युक्का आहे, एक उंच एक आखूड, आठेक महिने झाले आणून. आणताना सगळ्यांनी सांगितलं की हे वाळवंटातलं झाड आहे, पाणी कमी लागतं, मरत नाही. म्हणून मी पण कमीच देते, रोज सकाळी अर्धा कप, कधी एक दिवसाआड. हॉलच्या कोपऱ्यात आहे, खिडकी समोरच्या भिंतीला, दिवसा लाइट न लावता पेपर वाचता येतो इतपत उजेड. आधी खालची दोन-तीन पानं पिवळी झाली तेव्हा काही वाटलं नाही, पण आता महिनाभरात दहा-बारा गेलीत, वरची पण लोंबायला लागलीत. मला वाटलं तहानलंय म्हणून मधे चार दिवस पाणी वाढवलं आणि जोडीला खत पण दिलं, तर अजूनच उतरलं. काल आखूड खोड मातीजवळ अंगठ्याने दाबून बघितलं तर मऊ लागतंय, उंच खोड अजून टणक आहे. प्लास्टिकच्या कुंडीतच आहे, ती बाहेरून एका चिनी मातीच्या शोभेच्या कुंडीत ठेवलीय. खूप जीव आहे हो माझा या झाडावर, वाचेल का?

रेताड_माती

ताई, पहिलं काम, पाणी आजपासून पूर्ण बंद. दुसरं, शोभेच्या कुंडीतून आतली कुंडी उचलून बाहेर काढा आणि तळाशी पाणी साचलंय का बघा. माझा अंदाज आहे साचलेलं असणार, कारण त्या बाहेरच्या कुंडीला सहसा भोक नसतं.

आता तुमचं "कमी पाणी". सगळ्यांची इथेच गल्लत होते म्हणून जरा सविस्तर लिहितो. रोज अर्धा कप हे कमी पाणी नाही. आठवड्याचे साडेतीन कप झाले, आणि ते पण अशा पद्धतीने की माती एकदाही खालपर्यंत सुकत नाही, वरचा थर कोरडा दिसतो आणि तळाचा कायम ओला राहतो. मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते, मातीतल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात आणि मग बुरशीला रान मोकळं. मुळं कुजली की झाडाला पाणी वर ओढता येत नाही, म्हणून पानं अगदी तहानल्यासारखी लोंबतात, माणूस अजून पाणी घालतो आणि झाड जातं. तुम्ही पाणी वाढवल्यावर ते अजून उतरलं ना, ते ह्याचमुळे.

युक्काला पाऊस पडतो तसं पाणी द्यायचं. एकदा द्यायचं तर भरपूर, कुंडीच्या भोकातून खाली निथळेपर्यंत, बशीतलं पाणी ओतून टाकायचं, आणि मग माती निदान अर्ध्यापर्यंत खडखडीत कोरडी होईपर्यंत हात लावायचा नाही. किती दिवसांनी ते कॅलेंडर सांगणार नाही, उन्हात ठेवलेल्या कुंडीला दहा दिवस लागतील आणि तुमच्या कोपऱ्यात महिनासुद्धा. एक बारीक काठी तळापर्यंत खुपसून बाहेर काढा, ओली माती चिकटून आली तर थांबायचं. नाहीतर कुंडी उचलून बघायची सवय लावा, कोरड्या कुंडीचं वजन हाताला बरोबर कळायला लागतं.

आत्ता मात्र झाड कुंडीबाहेर काढावंच लागेल. मुळं बघा आणि इथे लिहा. चांगली मुळं टणक आणि फिकट असतात, कुजलेली काळपट तपकिरी, ओढलं की वरची साल हातात येते आणि आत नुसता दोरा राहतो.

दुष्काळी_झाडं

वरचं सगळं बरोबर, पण मूळ दुखणं मला उजेडाचं वाटतंय. झाड पाणी वापरतं ते उजेडाच्या हिशोबाने. भरपूर उजेडातल्या युक्काला तेवढंच पाणी कदाचित पचलं असतं. पेपर वाचता येतो तो उजेड आपल्या डोळ्यांसाठी, युक्कासाठी तो अंधारच. खिडकीला अगदी खेटून ठेवा, रोज काही तास थेट ऊन मिळालं तर उत्तम.

फक्त एकदम उन्हात नेऊ नका!! मी एकदा सावलीतलं झाड उचलून थेट दुपारच्या उन्हात ठेवलं होतं, तीन दिवसात पानांवर पांढरट भाजल्यासारखे चट्टे आले आणि ते कधीच गेले नाहीत, ती पानं झडेपर्यंत तशीच राहिली. आधी सकाळचं कोवळं ऊन तासभर, मग हळूहळू वाढवत दोन आठवड्यात नेहमीच्या जागी.

आणि तुमच्या पानांची टोकं बोचतात का मऊ आहेत? घरात ठेवतात तो बहुतेक मऊ टोकांचा जायंट युक्का असतो, मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला, ह्याचंच फूल एल साल्वादोरचं राष्ट्रीय फूल आहे. तो सगळ्या युक्कांमधे पाण्याला त्यातल्या त्यात सोसणारा, पण थंडी सोसत नाही. सुईसारखी टोकं असलेला तो आलोइफोलिया, त्याला इंग्रजीत स्पॅनिश संगीन म्हणतात ते उगाच नाही, लहान मुलं असतील तर वावरायच्या वाटेत नकोच. गंमत म्हणजे हा आलोइफोलिया पानांची छिद्रं दिवसा मिटून रात्री उघडतो, निवडुंगासारखा, म्हणजे उन्हात पाणी उडून जात नाही. पण सगळे युक्का असं करत नाहीत, फिलामेंटोसा नावाचा युक्का साध्या झाडांसारखा दिवसाच श्वास घेतो आणि तरी कोरड्यात टिकतो, जाड मेणचट पानं आणि खोलवरच्या मुळांच्या जोरावर.

खिडकीतली_बाग

बापरे, बाहेरच्या कुंडीत चार बोटं पाणी होतं, वास पण येत होता. मी आठ महिन्यांत एकदाही उचलून बघितलं नव्हतं, खूप वाईट वाटलं. झाड काढलं, आखूड खोडाची मुळं सगळी गेलीत, खोड खालून वीतभर तपकिरी आणि पिचपिचीत. उंचाची अर्धी मुळं फिकट आणि टणक आहेत. टोकं मऊ आहेत, म्हणजे जायंटच. आखूड फेकून देऊ का? आणि हे विचारायचं राहिलं, घरात मांजर आहे, ती पानं चावते अधूनमधून, काही होणार नाही ना?

रेताड_माती

फेकू नका! वरचा भाग टणक असेल तर त्यातून नवीन झाड होतं. धारदार करवत किंवा सुरी स्पिरिटने पुसून घ्या आणि मऊ भागाच्या वर कापा, काप बघा, मधे तपकिरी ठिपका किंवा रेघ दिसली तर अजून दोन बोटं वर, प्रत्येक कापाआधी पातं परत पुसायचं. आतला गर सगळा एकसारखा फिकट आणि कोरडा दिसेपर्यंत कापत जायचं, इथे हात आखडला तर कूज परत वर चढते आणि आठवड्याभराने सगळं पुन्हा करावं लागतं. मग तुकडा सावलीत हवेशीर जागी पाच-सात दिवस आडवा ठेवा, कापलेल्या जागी कोरडी खपली धरू दे. वरचं टोक कुठलं ते मार्करने लिहून ठेवा, उलटा लावला तर मुळं धरणार नाही. पानं निम्मी काढून टाका, मुळं नसताना एवढी पानं पोसणार कोण.

नंतर जाडी वाळू आणि पर्लाइट (पांढरे हलके खनिज दाणे, रोपवाटिकेत मिळतात) निम्मं निम्मं, त्यात चार-पाच बोटं खोल रोवायचं, हलणार नाही असं काठीला बांधायचं. मुळं यायला महिना-दोन महिने सहज लागतात.

उंच खोडाची कुजकी मुळं कापा, जुनी माती सगळी झटकून टाका, नवीन मिश्रणात लावा. कुंडी मुळांच्या गोळ्याहून जेमतेम दोन बोटं मोठी, जास्त नको, रिकाम्या मातीतलं पाणी शोषायला मुळंच नसतात. मातीची कुंडी मिळाली तर बरं, बाजूंनी पण सुकते आणि जड असते, उंच झाड कलंडत नाही.

कोंब_आणि_फुटवे

मिश्रणात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घातलं तर चालेल ना? मी माझ्या सगळ्या झाडांना घालते, हलकं असतं, आणि वर थोडं गांडूळखत. झाड अशक्त झालंय तर थोडी ताकद मिळेल असं वाटतं.

रेताड_माती

कोकोपीट इतर झाडांना उत्तम आहे, पण इथे नको ताई. ते पाणी धरून ठेवतं, आणि कुजण्यातून उठलेल्या झाडाला नेमकं तेच नकोय. उंच खोडाला अर्धी साधी बागेची माती आणि अर्धी जाडी वाळू, बारीक खडी किंवा पर्लाइट, एवढं पुरे. वाळू जाडीच घ्या, पिठासारखी बारीक वाळू मातीत बसून सिमेंटसारखी घट्ट होते. आणि कुंडीच्या तळाशी दगडांचा थर घालायची गरज नाही, त्याने निचरा सुधारत नाही, उलट ओला थर मुळांच्या जवळ वर सरकतो. भोकावर खापराचा एक तुकडा ठेवला की झालं.

खत आत्ता अजिबात नको. मुळं जखमी असताना खतातले क्षार त्यांना अजून भाजतात. झाड नवीन पानं टाकायला लागलं की मग वाढीच्या दिवसात महिन्या-दीड महिन्यातून एकदा, पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्म्या जोराचं. पानांची टोकं तपकिरी होत राहिली तर क्षार साठलेत समजायचं, तेव्हा कुंडीतून भरपूर साधं पाणी निथळून जाऊ द्यायचं एकदा.

दुष्काळी_झाडं

मांजराचं राहिलंच. युक्काच्या पानात खोडात सॅपोनिन असतात, पाण्यात फेस करणारं द्रव्य, मूळ अमेरिकेतले लोक ह्याच्या मुळांनी केस धुवायचे. पण मांजर कुत्र्यांना ते पोटात गेलं तर उलट्या, लाळ, मरगळ असं होतं. तुमची मांजर चावतेय म्हणजे झाड तिच्या आवाक्याबाहेर ठेवाच, आणि उलट्या होत असतील तर पशुवैद्याकडे न्या, वाट बघू नका. तोडलेली पानंही जमिनीवर पडू देऊ नका.

बांधावरचा_युक्का

माझं थोडं वेगळं. अंगणातल्या फिलामेंटोसाबद्दल लिहितो, पानांच्या कडेला पांढरे दोरे सुटतात तो. आठ वर्षं झाली, पहिल्या वर्षानंतर मी त्याला मुद्दाम पाणी घातलेलं नाही. फुलांचा दांडा माझ्या डोक्याच्या वर जातो, पांढऱ्या घंटा लटकतात. फुलून झालं की तो पानांचा गुच्छ हळूहळू वाळतो, पहिल्या वेळी मला वाटलं झाडच मेलं, उपटायला निघालो होतो, पण बाजूने चार पिल्लं वर आलेली दिसली. आईच्या जागी पिल्लं, असंच चालतं त्यांचं.

पण बी एकदाही धरलं नाही. मग वाचलं तेव्हा कळलं, ह्याचं परागीभवन युक्का पतंग करतात. मादी पतंग एका फुलातले पराग गोळा करून तोंडाखाली गोळी करते, दुसऱ्या फुलात अंडी घालते आणि स्वतः ती गोळी कुक्षीवर दाबून बसवते. तिच्या अळ्या थोड्या बिया खातात, उरलेल्यांतून झाड पुढे जातं. १८७२ च्या सुमाराला रायली नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने हे नीट बघून लिहून ठेवलं. पतंग नाही तिथे हाताने पराग लावला तरच बी. मी पुढच्या बहराला बारीक ब्रशने करून बघणार आहे, संध्याकाळी, फुलं तेव्हा पूर्ण उघडतात.

खिडकीतली_बाग

सगळ्यांचे मनापासून आभार. सात आठवडे झाले म्हणून कळवते. उंच खोड खिडकीत गेलंय, शेंड्यातून तीन नवीन पानं ताठ उभी आलीत, पाणी आत्तापर्यंत फक्त दोनदा दिलं, दोन्ही वेळा काठी खुपसून. मांजरीला एकदाच उलटी झाली होती, डॉक्टरांनी तपासलं, ती ठीक आहे, झाडाच्या खोलीचं दार आता बंद असतं. आखूड तुकड्यात मात्र कोंब नाही अजून. टणक आहे, वास नाही. रोज थोडं हलवून बघते मुळं धरली का ते, काल किंचित अडल्यासारखं वाटलं.

रेताड_माती

टणक आहे म्हणजे जिवंत आहे, आणि अडतंय म्हणजे मुळं फुटायला लागलीत. पण हलवू नका हो ताई, तीच कोवळी मुळं तुटतात. अजून महिनाभर हात लावू नका, सालीवर हिरवट फुगवटा दिसला की इथे सांगा.